साडूंचं स्वस्तातलं अंदमान

या जगात महाग असं काही नसतंच, लोक वस्तू चुकीच्या महिन्यात घेतात एवढंच, अशी ज्याची पक्की श्रद्धा आहे असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू काही निवडता येत नाहीत. आपण मुलगी बघायला जातो तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा कोपऱ्यात पोहे खात बसलेला असतोच, पण त्या वेळी आपलं लक्ष दुसरीकडे असतं. माझंही होतं. नाहीतर मला तिथंच कळायला हवं होतं, कारण हे गृहस्थ भर मे महिन्यात अंगात कोरा करकरीत स्वेटर घालून घाम पुसत बसले होते. "मे महिन्यात निम्म्यात मिळतो," त्यांनी मी न विचारताच सांगितलं. मी म्हटलं, "मग आत्ताच घातला कशाला?" तर म्हणाले, "मापाला बसतो का ते बघायला नको?"

छत्री नोव्हेंबरात घ्यायची, कुलर ऑगस्टमध्ये, आणि आंबा जूनच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे अळी पडायच्या आदल्या दिवशी. भाजीला ते विश्रांतवाडीहून बस बदलून मंडईत जायचे, तेही अगदी आवराआवर सुरू झाल्यावर. तिथल्या मावश्या त्यांना लांबून बघितलं की एकमेकींना म्हणायच्या, "चला गं, गोण्या झाका, साहेब आले." सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, त्यामुळे साहेब म्हटलेलं त्यांना आवडायचं, गोण्या झाका कशासाठी म्हटलं, तिकडे ते लक्ष देत नसत. स्वतःचं लग्न तर त्यांनी पितृपक्षात केलं. आमच्या समाजात मुहूर्त-बिहूर्त बघत नाहीत, बुद्धवंदना झाली की लग्न लागलं, पण साडूंना मुहूर्त होता: ज्या दिवशी हॉल रिकामा, मांडववाला घरी बसलेला आणि आचारी भिंतीला टेकलेला, तो दिवस शुभ. पुढे आमच्या नात्यातली निम्मी लग्नं त्यांनीच पितृपक्षात लावून दिली, माझंसुद्धा. चेष्टा सगळे करायचे, पण हेडक्लार्कच्या पगारात या माणसानं दोन बहिणींची लग्नं केली, भावाला इंजिनिअर केलं, मुलीला शिकवलं आणि विश्रांतवाडीत फ्लॅट घेतला, कुणापुढं हात न पसरता. थांबता येणं हीच त्यांची कमाई होती. त्यामुळं हसून झालं की आम्ही सगळे फ्रीज कधी घ्यावा हे त्यांनाच विचारायला जायचो.

त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची अक्का, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. तीस-बत्तीस वर्षं तिनं चौथीच्या पोरांना बेट म्हणजे काय ते शिकवलं: चारही बाजूंनी पाण्यानं वेढलेला जमिनीचा तुकडा. फळ्यावर खडूनं गोल काढायचा, भोवती लाटा काढायच्या, आणि पुसून नदीकडं वळायचं. स्वतः तिनं समुद्र पाहिला तो एकदाच, अलिबागला, शाळेच्या सहलीत, तोही पोरं मोजता मोजता. निवृत्त झाली त्या दिवशी हार गळ्यात असतानाच ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला एकदा बेटावर उभं राहायचंय. चारी बाजूंना पाणी बघायचंय." जन्मात तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. साडूंनी लगेच मान डोलावली आणि अंदमानची तयारी सुरू केली. ती तयारी तीन वर्षं चालली.

तयारी म्हणजे काय, ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटणार नाही. विमानात सोबत सात किलोचीच बॅग चालते, म्हणून साडू आठवड्याला बॅग भरायचे आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून आणायचे. तिथं खाणं महाग, म्हणून दशम्या किती दिवस टिकतात याचे प्रयोग झाले आणि चौथ्या दिवसाची दशमी मला खायला लागली. विमानतळ घरापासून जवळ, तर रिक्षा कशाला, चालत जाऊ, असं ठरलं आणि एका रविवारी सकाळी आम्ही दोघं साडू आणि दोघी बहिणी अशा चौघांची रंगीत तालीम निघाली, पाठीला बॅगा, साडूंच्या हातात घड्याळ. रस्त्यानं ओळखीचे लोक जयभीम घालून विचारायचे, "कुठं निघालात?" साडू म्हणायचे, "अंदमानला." "कधी?" "अजून ठरलं नाही."

त्या तालमीतच अक्का उभ्या असलेल्या स्कूटरला धडकून पडली. उठली, दहा पावलं चालली आणि फुटपाथवरच्या खांबाला धडकली. आम्ही हसलो. तीही हसली, म्हणाली, "बाजूचं हल्ली दिसतच नाही बाई मला." साडूंनी घड्याळ थांबवलं.

डॉक्टरांकडं मी बरोबर होतो. काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, आणि बराच पुढं गेलेला. कडेची नजर आधी जाते म्हणे, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून माणसाला लवकर कळत नाही. नळीतून बघावं तसं अक्काला दिसत होतं आणि ती नळी बारीक होत चालली होती. डॉक्टर भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही. आहे ती थेंबांनी टिकवायचा प्रयत्न करू, पण शब्द देत नाही. काय बघायचंय ते बघून घ्या." ते डिसेंबरात. बाहेर आल्यावर मला वाटलं, आता हा माणूस उद्याच तिकिटं काढणार.

कसलं काय! दुसऱ्या दिवशी मी घरी गेलो तर साडू गॅलरीत बसून म्हणतात, "आत्ता हंगाम आहे हो, पाहुणे. विमान, हॉटेल, सगळंच दुपटीनं. जुलैत निम्म्यात होतं. थेंब सुरू केलेत, सहा महिन्यांत काही होत नाही." माझं डोकं फिरलं. विश्रांतवाडीत भांडायचं तर दोन विमानांच्या मधल्या वेळात भांडावं लागतं, तेवढ्यात जे सुचलं ते मी बोललो. "अहो, डोळे म्हणजे काय कुलर आहे का, ऑगस्टमध्ये स्वस्त होईल म्हणून थांबायला?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. जन्मभर थांबलं की त्यांना कमी द्यावं लागलं होतं. थांबण्यानं कधी जास्तही द्यावं लागतं, हे त्यांना दिसतच नव्हतं. वरचे पैसे मी घालतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. ते गेल्यावर मी ते म्हटलं नाही. खोटं कशाला बोलू, जुलैचा दर मलाही परवडत होता. अक्का आतून म्हणाली, "भांडू नका हो. इतकी वर्षं थांबले, आणखी सहा महिने काय त्यात?"

जुलैत आम्ही गेलो. जुलैत सगळं निम्म्यात का असतं, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. त्याचं उत्तर पोर्ट ब्लेअरला उतरल्याबरोबर मिळालं: पाऊस, वारा आणि खवळलेला समुद्र. हॉटेलात आम्ही चौघंच. मॅनेजर म्हणाला, "आप इस मौसम में क्यों आये?" साडू त्याला अभिमानानं भाव सांगायला लागले. पण लहान बेटांवर जायच्या बोटी बंद होत्या, आणि मोठ्या बेटावर राहून चारी बाजूंचं पाणी दिसत नाही. ते बेट असल्याचं पुस्तकातच वाचायचं. आमच्याजवळ चार दिवस होते. रोज सकाळी साडू छत्री घेऊन बोटीच्या तिकीट खिडकीसमोर उभे राहायचे. रांगेत एकटेच. आतला माणूस न बघता म्हणायचा, "आज नहीं." चौथ्या दिवशी मी त्यांच्या मागं गेलो होतो. ज्या माणसानं कधी साहेबापुढं रजेसाठी तोंड वेंगाडलं नाही, तो त्या खिडकीशी हात जोडून म्हणत होता, "साहब, मेरी मिसेस की आँख जा रही है. एक चक्कर." खिडकीतल्या माणसाचं तोंड पडलं. तो म्हणाला, "मैं भेज दूँ चाचा, पर समुंदर को कौन बोलेगा?" मी तिथून बाजूला झालो. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना जवळही घ्यावंसं वाटत होतं, आणि आमच्यात तसं काही करायची पद्धत नाही.

दुपारी पाऊस जरा उघडला. समुद्रात लांबवर गेलेला एक धक्का होता, त्याच्या टोकाशी आम्ही अक्काला नेऊन उभं केलं. सहा महिन्यांत ती नळी फार बारीक झाली होती. एवढा थोरला समुद्र समोर आणि ती सुईत दोरा ओवावा तशी एकाच ठिकाणी टक लावून बघत होती. मग साडू तिच्या मागं उभे राहिले. दोन्ही हातांत त्यांनी तिचं डोकं धरलं आणि हळूहळू वळवायला लागले. "इथनं सुरू. हे सगळं पाणी. आता थोडं उजवीकडं, इथं एक बोट उभी आहे, नाव पुसलंय तिचं. अजून जरा. इथं लांब झाडं दिसतात, ते बेट. दिसलं का?" "दिसलं." "आता पुन्हा पाणी. निळं आहे, बघ." अक्का म्हणाली, "अहो, मधलं दिसतं मला अजून. राखाडी आहे." साडूंनी हात काढले नाहीत. तसंच वळवत वळवत तिला पार दुसऱ्या कडेपर्यंत नेलं आणि म्हणाले, "तीन बाजू झाल्या." मागं रस्ता होता, टपऱ्या होत्या, आमची उभी असलेली रिक्षा होती. अक्का शाळेतल्या आवाजात म्हणाली, "तीन बाजूंना पाणी म्हणजे द्वीपकल्प. चौथीतल्या पोरांना येतं." मी आणि माझी बायको मोठ्यानं हसलो. तीही हसली. साडू हसले नाहीत.

त्यानंतर ऑपरेशन झालं, दुसरे थेंब झाले, मुंबईचे डॉक्टर झाले. डॉक्टरांनी शब्द दिला नव्हताच. एक डोळा त्याच वर्षी गेला आणि यंदाच्या उन्हाळ्यात दुसराही. अक्का आता घरात भिंतीला हात लावून हिंडते, स्वयंपाकाला अजून कुणाला हात लावू देत नाही, आणि साडू तिच्या मागं मागं फिरत दारं उघडी ठेवतात. मी त्यांना कधी टोचून बोललो नाही. बोलायला मला तोंड नव्हतं. त्या दिवशी विमान गेल्यावर मी गप्प का बसलो, हे मला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात ते माझ्याकडं आले. पाणी प्यायले, पंख्याकडं बघत बसले, मग म्हणाले, "पाहुणे, डिसेंबरची अंदमानची तिकिटं काढायचीत. चार. तेव्हा समुद्र शांत असतो, बोटी चालू असतात. मी चौकशी केली." आता काय उपयोग, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांना ते कळलं असावं. म्हणाले, "मी पण तिला तेच म्हटलं. ती म्हणते, जाऊ या. मधोमध उभी राहीन, चारी बाजूंनी आवाज येतो का ते सांगीन."

मी त्यांच्यासमोरच मोबाइल काढला आणि चार तिकिटं काढली. ऐन हंगामातली, खिडकीजवळची. साडू शेजारी बसून सगळं बघत होते. झाल्यावर "बरं झालं" म्हणाले, चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. किती झाले, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारावं, असं मला फार वाटत होतं.