परवान्यापुरतं कौतुक

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे ‘कलमवाले’ म्हणतात. खाणावळीला बिअरचा परवाना मिळाला तेव्हापासून हे नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपतात. बरं, स्वतः थेंबालाही शिवत नाहीत!

नियम म्हणे असा, की आपलं मूळ काम जेवणाचं. बिअर द्यायची ती बसून जेवणाऱ्यालाच. झालं! गिऱ्हाईक आत आलं की ह्यांची उलटतपासणी सुरू. “जेवणार ना? बसून ना?” माझ्या सख्ख्या भावाने एकदा उभ्याउभ्या ग्लास मागितला, तर ह्यांनी मेहुण्यालाही खुर्चीत दाबून बसवलं आणि आधी ताट वाढलं. बिचारा घरून पोटभर जेवून आला होता.

इतकी कलमं तोंडपाठ, पण माझ्या स्वयंपाकाला कधी चांगलं म्हणाले असतील तर शपथ! फारच झालं तर, “मीठ बरोबर आहे.” गर्दी झाली की शेजाऱ्यांना ऐटीत सांगायचे, “आमची बिअर थंडगार असते ना!” मी आत रस्सा ढवळताना ऐकायचे आणि डाव जरा जोरातच आपटायचे.

मग कुणीतरी तक्रार ठोकली, की इथे जेवण नावालाच, हा तर नुसता बार आहे. परवाना तपासणारे साहेब भर दुपारी दारात हजर. परवाना गेला असता तर संध्याकाळची गर्दी समोरच्या हॉटेलात गेली असती आणि आम्ही माश्या मारत बसलो असतो.

ह्यांनी धडाधड कलमं म्हणायला घेतली. साहेबांनी हात वर केला. “कलमं मलाही येतात. लोक इथे कशाला येतात, ते सांगा.”

पुस्तकात त्याचं उत्तर कुठलं असायला? ह्यांनी घाम पुसला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझ्याकडे पाहिलं.

“साहेब, मी पीत नाही. तरी दोन्ही वेळा इथेच जेवतो. हिच्या हातचं सोडून मला काही गोड लागत नाही. ही माहेरी गेली की मी हटकून आजारी पडतो. लोकांचंही तसंच असणार.”

मेलं, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि कांदा तर सकाळीच चिरून झाला होता.

साहेब जेवायला बसले, रस्सा दोनदा मागून घेतला, बिल चुकतं केलं. परवाना राहिला.

ते गेल्यावर मी विचारलं, “खरं बोललात, की परवान्यापुरतं?”

“सरकारी माणसापुढे खोटं बोलणं गुन्हा आहे,” हे म्हणाले, आणि पुस्तकात तोंड खुपसलं.

तक्रार करणाऱ्याचं भलं होवो!