जीपखालचे दाजी

माझ्या थोरल्या साडूंना सरळ उभे राहिलेले पाहिलेली माणसे कोल्हापुरात फार थोडी असतील. आठवडाभर ते एका सरकारी कचेरीत टेबलामागे बसलेले असतात आणि शनिवार-रविवार आपल्या जुन्या फोर-व्हील जीपखाली आडवे असतात. बायको म्हणते म्हणून मीही त्यांना दाजी म्हणतो. ते मला पावणं म्हणतात. माझे लग्न आता जुने झाले, पण त्यांच्या लेखी मी अजून पावणाच आहे. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे गेले की दारातल्या जीपखालून बाहेर आलेल्या दोन पायांशी बोलायचे असते. "दाजी, बरं हाय का?" असे त्या पायांना विचारले की खालून उत्तर येते, "बरं हाय. तेवढा सोळा-सतराचा पाना सरकवा की." एकदा अक्कांच्या, म्हणजे दाजींच्या बायकोच्या, माहेरचा कुणी लग्नाचे आमंत्रण घेऊन आला. त्याने पत्रिका आणि अक्षता मडगार्डवर ठेवल्या आणि खाली वाकून नमस्कार केला. पायच तेवढे बाहेर असल्यामुळे त्याची काही अडचण झाली नाही.

ही जीप त्यांनी तरुणपणी कुठल्याशा लिलावात घेतली. ती कधीच पूर्ण बिघडत नाही आणि कधीच पूर्ण दुरुस्त होत नाही. एका रविवारी ब्रेक काढतात, पुढच्या रविवारी रेडिएटर. सगळे परत जोडून झाले की हातात चार-दोन नटबोल्ट उरतातच. ते अक्कांच्या लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत जातात. मी एकदा भीत भीत विचारले, तर म्हणाले, "जुन्या काळात जादाच लावत हुती, पावणं. सढळ हाताची माणसं." इंजिनाचा आवाज ते लांब स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून ऐकतात. अक्कांना एकदा जोराचा खोकला झाला, तेव्हा तोच स्क्रू-ड्रायव्हर पुसून त्यांच्या पाठीला लावला आणि निदान केले, "वरवरचं हाय. आत काय न्हाय." अक्का दवाखान्यात गेल्या, तेव्हा डॉक्टरांनीही तेच सांगितले. तेव्हापासून घरात त्यांना या बाबतीत कुणी बोलत नाही.

गिअरशेजारचा, चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा छोटा दांडा हा त्यांचा खरा अभिमान. पण शहरातल्या डांबरी रस्त्यावर त्याचा उपयोग काय? म्हणून दुरुस्ती झाली की ते चिखल शोधायला निघतात. एकदा मला घेऊन ते नदीकाठच्या उसाच्या पाणंदीत घुसले, ऐटीत दांडा ओढला आणि जीप जागच्या जागी खाली बसली. शेवटी एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर लावून आम्हाला बाहेर काढले. दाजींनी त्याला निर्विकारपणे सांगितले, "गाडीत दोष न्हाय. चिखलच जरा सैल हाय तुमचा."

त्यांना एकच मुलगी, वैशू. मुरगूडच्या मुलाशी तिचे लग्न ठरले, तेव्हा तिने अट घातली की सासरी जाईन ती पप्पांच्या जीपमधून. मुलगा समजूतदार होता, कबूल झाला. मुलाच्या मामांनी मात्र नवी मोटार फुलांनी सजवून बरोबर आणली होती. लग्नाआधीचे कितीतरी रविवार दाजींनी जीपखाली घालवले. लग्नाच्या दिवशी फेटा बांधून ते ड्रायव्हरच्या जागेवर बसले, शेजारी मला बसवले. "ढकलायची वेळ आली तर घरचं माणूस पायजे," म्हणाले.

अक्कांच्या गळ्यात पडून वैशू रडली आणि नवऱ्याबरोबर मागे येऊन बसली. इंजिन छान चालू होते. तेवढ्यात दाजी खाली उतरले, बॉनेट उघडून आत वाकले आणि इंजिन बंद पडले. बराच वेळ झाला तरी ते वर येईनात, म्हणून मी गेलो. कॉइलची वायर त्यांनी स्वतःच उपसून मुठीत धरली होती आणि इंजिनावर मान घालून ते उभे होते.

"पेट्रोलची वाफ लई झोंबती, पावणं," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

मला इंजिनातले ओ की ठो कळत नाही. तरी मी मागे वळून जमलेल्या लोकांना सांगितले, "कचरा अडकलाय. जरा वेळ लागंल."

मामा पुढे आले. "उशीर व्हाया लागलाय. तिकडं माणसं थांबल्यात. आमची गाडी हाय की, त्यातनं जाऊया."

मी काहीतरी बोलायला जाणार, इतक्यात वैशू शालू सावरत खाली उतरली. "हीच सुरू हुईल, मामा," ती म्हणाली आणि बॉनेटपाशी आली. तिने बापाच्या मुठीकडे पाहिले. तिला सगळे कळले.

"पप्पा, द्या. मी बसवते."

"थांब की जरा."

ती थांबली. त्यांच्या शेजारी तशीच वाकून उभी राहिली. लोकांना वाटले असेल, बापलेक बिघाड शोधताहेत. मग दाजींनी मूठ उघडली. वैशूने वायर जागेवर दाबून बसवली आणि काळी झालेली बोटे त्यांच्याच फेट्याच्या शेमल्याला पुसली. "चला आता," ती म्हणाली. पहिल्याच किल्लीला इंजिन लागले. मुरगूडपर्यंत जीप कुठेही अडली नाही.

परत येताना आम्ही दोघेच होतो. उन्हे उतरली होती. मागच्या बाकावर झेंडूच्या पाकळ्या इकडून तिकडे उडत होत्या. कागलच्या अलीकडे एका खड्ड्यात जीप जोरात उसळली.

"मागं वजन न्हाय की," दाजी म्हणाले. "हलकी लागती गाडी."

"लागणारच," मी म्हणालो.

त्यांनी वेग कमी केला. पुढे रस्ता चांगला होता, मोकळाही होता. तरी थेट घरापर्यंत ते जीप तशीच जपून, सावकाश चालवत राहिले, मागे कुणीतरी झोपले असावे तशी.