मास्तरांचा कडू घास

“कडू हाये ना बाई? मंग कडूच म्हना.”

मौतीच्या घरी बसलं की मास्तरांचं हे एवढंच बोलणं. ‘धीर धरा’ नाही, ‘देवाची मर्जी’ नाही. मला पहिला संशय आला तो इथेच.

आता बघा, घुग्घुसमध्ये आमच्या मोहल्ल्यात कोणी गेलं की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारी जेवण नेतात, बळंबळंच दोन घास खायला लावतात. त्याला आम्ही कडू घास म्हणतो. तर हे मास्तर, मिशनच्या शाळेतून रिटायर झालेले, ख्रिस्ती, एकटेच राहणारे, सगळ्यांच्या आधी डबा घेऊन हजर! नात्याचे ना गोत्याचे. असा माणूस फुकट येतो का कुठे? तुम्हीही पाहिले असतीलच असे. वरण-भात खाऊ घालून हे हळूच आपला देव पुढे करणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

मग आमच्याच घरी वेळ आली. मोठा भाऊ ड्युटीवरून येताना कोळशाच्या ट्रकखाली गेला. आई रडली नाही. बोलेना, जेवेना, नुसती भिंतीकडे पाहत राहायची. ही पण जाते की काय, या भीतीने माझा जीव अर्धा झाला होता.

मास्तर आले. मी सरळ त्यांची पिशवी उघडून पाहिली. पुस्तक नाही, पत्रक नाही. डबा आणि एक चमचा. म्हटलं, पक्का माणूस आहे, सगळं तोंडपाठ करून आलाय.

“बाई,” ते आईला म्हणाले, “आमच्या शास्त्राची जुनी भाषा हाये, हिब्रू. त्यात दुःखी मानसाले ‘कडू जिवाचा’ म्हनतात. तुमच्या कडू घासावानीच.”

आला मुद्द्यावर! मी कान टवकारले.

“त्यात एक बाई हाये. नवरा गेला, दोन पोरं गेले. नाव तिचं गोड होतं. गावात वापस आली तं बायाइले म्हने, त्या नावानं हाक मारू नोका, मले कडू म्हना. देवानंच कडू केलं मले.”

आईने मान वळवली. “मंग? रागावला तिचा देव?”

“नाई बाई. तिचं बोलनं तसंच ठेवलं. कोनी खोडलं नाई.”

“तं माहं बी आयकाले लावा त्याले!”

आणि बाप रे, आई जी सुरू झाली! ट्रकवाला, आमचे देव, मास्तरांचा देव, कोणालाच सोडलं नाही. मी घाबरून मास्तरांकडे पाहिलं. ते मान हलवत होते, “म्हना बाई, म्हना.” शिव्या देता देता तिला रडू फुटलं. हात इतका थरथरत होता की घास धरवेना. मास्तरांनी चमचा पुढे केला. तेव्हा कळलं, तो पिशवीत कशाला असतो.

तरी मी वाट पाहिली. आता बोलावतील प्रार्थनेला, आता बोलावतील. शेवटपर्यंत बोलावलं नाही. कमाल आहे की नाही!

यंदा मास्तर गेले. मिशनची माणसं आली, माती देऊन निघून गेली. आईने वरण-भात केला, डबा भरला आणि मला घेऊन त्यांच्या घरी गेली. दाराला कुलूप. कडू घास द्यायचा कोणाला? त्या घरात रडणारं कोणी नव्हतंच.

“चाल आई वापस,” मी म्हटलं. ती पायरीवर बसली आणि तिने डबा उघडला.

समोरची बाई डोळे बारीक करून बघत होती, अगदी माझ्यासारखी. “काऊन बाई, तुमचे कोन लागत होते हे?”

आईने घास उचलला, पण हात थरथरत होता. चमचा आणायचा राहिलाच होता. मग मीच तिला भरवलं, आणि एक घास मीही खाल्ला.