एका नाण्यावर दोघं

"दाजी गेले गं…" ग्वेल्फहून ताईचा फोन आला तेव्हा मी इथे कॅनडाच्या पश्चिम टोकाला, बर्नाबीत गाडीतून ग्रोसरी उतरवत होते. पिशवी हातात तशीच राहिली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पण चेष्टा करायला त्यांच्याइतकं हक्काचं माणूस मला दुसरं नव्हतं.

रिटायर झाल्यावर त्यांना प्राचीन रोमन नाण्यांचा नाद लागला. सोन्याची नव्हेत हो, ब्राँझची, मातीने भरलेली, स्वस्तातली. भिंग माझ्या हातात देऊन म्हणायचे, "बघ, डोक्यावर पदर घेतलेली बाई वेदीवर धूप टाकतेय. आणि हा देव वाटीतून अर्घ्य सोडतोय… आहे की नाही आपल्यातलंच?"

"दाजी, आता यांचे कुळाचारही शोधून काढा!" मी म्हणायची.

मग नात झाली आणि घरात तंटा पेटला. सून मॉली, तिच्या आईला बाळाचा बाप्तिस्मा हवा, आमच्या ताईला बारसं. "चर्चमध्ये नेलंत तर मी पोराच्या घरात पाऊल टाकणार नाही," ताई म्हणाली. मी बाळ बघायला गेले होते, मॉलीची आईही समोरच बसलेली. ताई बोलली की पाळणार, म्हणजे नातीला मुकणार… तेवढ्यात दाजी बेसमेंटमधून एक नाणं घेऊन वर आले आणि दोन्ही विहिणींपुढे एकच भिंग ठेवलं. नाण्यावर किरणांचा मुकुट घातलेला सूर्यदेव उभा, आणि त्याच्या बाजूला बारीकसा क्रॉस! "एवढ्याशा नाण्यावर दोघं मावलेत," दाजी इंग्रजीत म्हणाले, "आपलं घर तर चार बेडरूमचं आहे." मॉलीची आई हसली. ताई मात्र कितीतरी वेळ भिंगातून बघत राहिली. "सूर्यच आहे हो…"

रविवारी सकाळी चर्च, दुपारी बारसं. ताई पैठणी नेसून पहिल्या बाकावर! रात्री भांडी आवरताना दाजी हळूच म्हणाले, "तो क्रॉस नुसती टांकसाळीची खूणही असू शकते बरं का. जाणकारांत वाद आहे."

"आधी का नाही सांगितलंत?" ताई उसळली.

"मग बाप्तिस्म्याचा केक कोणी खाल्ला असता?"

परवा जाऊन आले. बेसमेंटमध्ये त्यांच्या टेबलावर अजून बरण्या आहेत. शेवटची नाणी त्यांनी डिस्टिल्ड पाण्यात भिजत घातली होती. मॉलीची आई रविवारी येते, मग दोघी विहिणी पाणी बदलतात, जुन्या टूथब्रशने माती काढतात. एका नाण्यावर कुठलासा देव उभा दिसायला लागला होता, चेहरा अजून मातीतच.

"युअर्स, आय थिंक," मॉलीची आई म्हणाली.

ताईने नाणं दिव्याखाली धरलं. "नो नो, युअर्स," म्हणाली, आणि पुन्हा पाण्यात सोडलं.