चार फिल्टर आणि ताईची टाकी

माशांच्या टाकीसाठी फिल्टर निवडायचं काम मी आयुष्यात एकदाच केलं आणि त्या दीड वर्षात माझा स्वभाव कायमचा बिघडला, असं घरातले म्हणतात. त्याआधी तो चांगला होता की नव्हता, हे मात्र कोणी सांगत नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी नाशिकला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. पंचवटीत दोन खोल्यांचं भाड्याचं घर, त्यात मी, आई, आणि लासलगावकडच्या सासरहून परत आलेली माझी मोठी बहीण. ताईची दोन बाळंतपणं पाचव्या-सहाव्या महिन्यातच संपली होती. सासरच्यांनी तिला मारहाण वगैरे केली नाही. ते फक्त म्हणत राहिले की हिच्या हाताला गुण नाही. लावलेलं रोप जळलं तरी तेच, लोणच्याला बुरशी आली तरी तेच. सहा वर्षं ऐकून ऐकून ताईलाही ते पटलं होतं. माहेरी आल्यावर ती धुणीभांडी करायची, झाडलोट करायची, पण दुधाला विरजण लावायची नाही. ते आईनं लावायचं. मला याचा इतका राग यायचा की एकदा मी मुद्दाम विरजणाचं भांडं तिच्या हातात दिलं, तर तिनं ते गुपचूप ओट्यावर ठेवलं आणि बाहेर निघून गेली.

अशात आमच्या कचेरीतल्या साहेबांची बदली झाली आणि त्यांनी त्यांची काचेची टाकी मला देऊन टाकली. लोखंडी अँगलची चौकट, काचा पुट्टीने बसवलेल्या, आत दोन गोल्डफिश आणि तीन काळ्या मॉली. मला माशांचं काही कौतुक नव्हतं. पण ताई स्टूल ओढून टाकीसमोर बसली आणि यांना खायला काय देतात, असं तिनं विचारलं. कित्येक महिन्यांत तिनं आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. दुसऱ्या दिवसापासून दहा वाजता चिमूटभर खाणं ताई घालू लागली. मासे तिच्या बोटाखाली जमायचे, आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून ते बघत उभी राहायची.

तिसऱ्या आठवड्यात एक गोल्डफिश मेला. ताईनं तो जास्वंदीखाली पुरला आणि आत येऊन म्हणाली, "मी खायला घालते ना, म्हणून." एवढंच. त्या क्षणापासून हे मासे जगवणं मला भाग झालं.

मेन रोडच्या मागे एका गल्लीत माशांचं एकच दुकान होतं. दुकानदार मोठा गोड बोलायचा. फिल्टर नाही म्हटल्यावर त्यानं असा चेहरा केला की जणू मी घराला छप्परच घातलं नव्हतं. त्यानं मला एक प्लॅस्टिकची डबी दिली. ती टाकीच्या कोपऱ्यात ठेवायची, आत कापूस आणि कोळसा भरायचा, पंपाची नळी जोडायची. बुडबुडे वर जाताना पाणी ओढतात आणि घाण कापसात अडकते. कोळसा मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून आणला. पंप जात्यासारखा घरघरायचा, पण पाणी दोन दिवसांत आरशासारखं झालं. मी खूश.

आता आमच्या घरची पद्धत सांगायला हवी. पहाटे साडेपाचला नळ यायचा आणि पाणी भरणं हे माझं काम होतं. कालचं पाणी म्हणजे शिळं पाणी. ते झाडांना ओतायचं, हंडा-कळशी चिंच-राखेनं लख्ख घासायची, आणि मगच ताजं भरायचं. आईच्या राज्यात शिळं पाणी कोणाला प्यायला देणं म्हणजे त्याचा अपमान करण्यासारखं होतं. मग माशांनी काय पाप केलं होतं? मी हंड्यापाठोपाठ टाकीचंही निम्मं पाणी रोज बदलू लागलो, आणि फिल्टरचा कापूस नळाच्या धारेखाली पांढरा होईपर्यंत पिळू लागलो. कोळसासुद्धा धुवायचो. इतकं स्वच्छ कोणी ठेवत नसेल, याचा मला अभिमान होता.

दुसरा गोल्डफिश गेला. मग एक मॉली.

मी दुकानात जाऊन भांडलो. दुकानदारानं शांतपणे विचारलं, साफ ठेवता ना? मी म्हटलं, रोज. तो म्हणाला, मग डबीच लहान पडते, तुम्ही वाळूखालचा फिल्टर घ्या. आणि वर चार नवे मासे दिले.

वाळूखालचा फिल्टर म्हणजे भोकाभोकांची एक जाळी. ती तळाशी ठेवायची, वर वाळू पसरायची, मग पाणी वाळूतून गाळलं जाऊन खाली जातं आणि कोपऱ्यातल्या नळीतून वर येतं. कल्पना मला फार आवडली. पण घाण वाळूत जमणार आणि ती मला दिसणार नाही, या विचारानं मला चैन पडेना. म्हणून दर रविवारी मी मासे बादलीत काढायचो, सगळी वाळू घमेल्यात घेऊन तांदूळ धुवावेत तशी आठ-दहा पाण्यांनी धुवायचो आणि परत भरायचो. कंबर मोडायची. आई म्हणायची, अरे, जरा सुटीच्या दिवशी माणसासारखा बस. मी तिच्यावर खेकसायचो.

मी नवे आणत गेलो, आणि त्या फिल्टरवर दोन महिन्यांत सात मासे मेले. ताई पुरायचीही नाही आता. मेलेला मासा दिसला की मला हाक मारायची आणि तोंड फिरवून उभी राहायची. खाणं घालताना चिमूट लांबूनच सोडायची.

मी एक वही केली. तिच्यात प्रत्येक फिल्टरला गुण दिले. पाणी किती नितळ, आवाज किती, वीज गेली तर काय होतं, आणि धुताना मळ किती निघतो. मळ निघण्याला मी सगळ्यात जास्त गुण ठेवले होते. ज्यातून काळं पाणी निघेल तो कामाचा, हे तर शेंबड्या पोरालाही कळेल. आज ती वही सापडली असती तर मी ती चुलीत घातली असती.

तिसरा फिल्टर एका ओळखीच्या माणसानं मुंबईहून आणून दिला. परदेशी होता. टाकीच्या काठाला बाहेरून टांगायचा. त्याचं कौतुक बघायला शेजारपाजारचे आले. आठवड्याभरात दुपारी वीज गेली, नळीत हवा की काय ती शिरली, वीज आल्यावर मोटर कोरडी फिरत राहिली आणि जळाली. वहीत मी त्याला शून्य दिलं. खरं म्हणजे डोक्याला ताप दिल्याबद्दल उणे काहीतरी द्यायला हवं होतं.

शेवटी मी हात टेकले. दुकानदारही मला काही खपवायला कंटाळला असावा, कारण त्यानंच सांगितलं की मालेगावात एक यंत्रमाग चालवणारा माणूस आहे, तो मागाच्या शेडमागे सिमेंटच्या हौदांत मासे पैदा करतो, दुकानातले मासे त्याच्याकडूनच येतात, त्यालाच जाऊन विचारा. एका रविवारी मी एसटीनं गेलो.

मागांच्या खडखडाटात तो मला मागे घेऊन गेला. पाच हौद होते. पाणी किंचित पिवळट, भिंतींवर शेवाळ. माझ्या मनात आलं, हा काय शिकवणार? मग पाण्यात पाहिलं, तर गप्पींची पिल्लं मोहरी सांडावी तशी पसरलेली. प्रत्येक हौदात नळीला बांधलेला एकच स्पंज, आणि तो असा तपकिरी, बुळबुळीत की मला शिसारी आली. मी त्याला म्हटलं की हा धुवायला हवा.

त्यानं विचारलं की मी माझा किती दिवसांनी धुतो. मी अभिमानानं सांगितलं, रोज, नळाखाली.

तो हसला नाही. वाकून त्यानं स्पंज दोन बोटांत धरला आणि अहिराणीत म्हणाला, "हाऊ मळ नही शे, भाऊ. पाणी हाऊच साफ करस."

मग त्यानं मला सावकाश समजावलं. त्या बुळबुळीत थरात जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. माशांच्या घाणीचं विष तेच खातात. ते जमायला महिना-दीड महिना लागतो. नळाच्या पाण्यात औषध असतं, त्याखाली धुतलं की सगळे मरतात, आणि मग नितळ पाण्यातसुद्धा मासा गुदमरतो. डबी चांगली होती, वाळूची जाळी तर त्याहून चांगली होती. फिल्टर मी रोज बसवत होतो आणि रोज मारत होतो. त्यानं त्याच्या हौदातला एक स्पंज पाण्यासकट डब्यात घालून मला दिला, सोबत सहा गप्पी. धुवायचा झालाच तर महिन्यानं, टाकीचंच पाणी मगात काढून त्यात पिळायचा, म्हणाला.

परतीच्या एसटीत मी चांदवडपर्यंत नुसता धुमसत होतो. दुकानदारावर, कारण त्यानं साफ ठेवता ना एवढंच विचारलं होतं. आईच्या शिळ्या पाण्यावर. पिंपळगाव गेल्यावर दोष द्यायला दुसरं कोणी उरलं नाही. ते सगळे मासे मी मारले होते, आणि ताईनं ते स्वतःच्या हाताच्या नावावर घेतले होते.

घरी गेल्यावर मी काही बोललो नाही. हे सांगायला मला लाज वाटते, पण खरं तेच आहे. मी विचार केला, स्पंज बसवू, नळाचं पाणी रात्रभर ठेवून, त्यातलं औषध उडालं की थोडंथोडं बदलू, मासे जगतील, आणि ताईला आपोआप कळेल की तिच्या हाताचा काही दोष नव्हता. ताई म्हणाली की यांना तूच खायला घाल. मी म्हटलं, बरं.

एक आठवडा गेला, दोन गेले, महिना झाला. सहाच्या सहा गप्पी जिवंत. एका मादीनं पिल्लं दिली. मी उत्साहानं ताईला ओढत टाकीजवळ आणलं. तिनं पिल्लं पाहिली, पदर दोन्ही हातांवर ओढून घेतला आणि म्हणाली, "बघ, मी हात लावला नाही म्हणून जगले."

मी तिला तिथेच, उभ्याउभ्या, सगळं सांगितलं. कापूस, वाळू, नळ, मालेगाव. एकही मासा तुझ्या हातानं मेला नाही, सगळे माझ्या हातानं मेले. सांगताना मला वाटत होतं की ती रडेल, किंवा हसेल.

तिनं विचारलं, "तुला हे कळलं कधी?"

"मालेगावला गेलो होतो, तेव्हा."

"म्हणजे महिना झाला. महिनाभर तू मला तसंच राहू दिलंस."

ती माझ्यावर इतकी चिडली की आई पोळ्या सोडून बाहेर आली. सासरी सहा वर्षांत जे कोणाला बोलली नव्हती, ते सगळं मला ऐकवलं. मग तिनं बांगड्या कोपराकडे सारल्या, टाकीचं पाणी मगात काढलं, स्पंज त्यात दोनदा दाबला आणि परत जागेवर लावला. मी सांगितलं होतं अगदी तसंच. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि पुढे कधीही मला टाकीला हात लावू दिला नाही.

दिवाळीनंतर एके सकाळी थोरल्या गप्पींपैकी एक पाण्यावर उलटा तरंगताना दिसला. ताई यायच्या आत तो काढून टाकावा म्हणून मी जाळी शोधू लागलो, आणि ती आली. मी घाईघाईनं थंडीचं, पंपाचं काहीतरी बोलू लागलो.

"म्हातारा झाला होता तो," ताई म्हणाली. तिनं हातानंच त्याला बाहेर काढलं, जास्वंदीकडे नेऊन पुरलं, हात धुतले आणि बाकीच्यांना खायला घातलं.