शालीखालचा हात

आधीच सांगते, असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक आहे. मांजर आडवं गेलं म्हणून कुणी थांबलं की मी मुद्दाम पुढे जाऊन दाखवते. आई म्हणते, एक दिवस तुझी जिरेल. जिरली की नाही ते तुम्हीच ठरवा... मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी बऱ्हाणपूरची. इथल्या बुधवारा भागात शेअर ब्रोकरचं एक छोटं ऑफिस आहे, तिथे काम करते. टर्मिनलवर बसून ग्राहकांचे सौदे टाकायचे तर परवान्याची परीक्षा पास व्हावी लागते, आणि मी ती दोनदा नापास झाले होते. शेटजी भला माणूस. पण तेही शेवटी म्हणाले, "बेटा, इस बार नहीं हुआ तो मुझे दूसरा कोई देखना पड़ेगा."

म्हणजे मग इंदूरला जाऊन नोकरी शोधणं आलं. आणि अप्पांचं काय? माझ्या वडिलांना लकवा मारलेला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आईला एकटीला त्यांना कुशीवर वळवता येत नाही. आम्ही दोघी त्यांच्या खाटेशेजारीच बसून हे सगळं बोलायचो... मी गेले तर माणूस ठेवायचा का, मामाकडे पाठवायचं का. डॉक्टर म्हणाले होते, "त्यांना आता फारसं समजत नसावं."

अभ्यास येत नव्हता असं नाही हो. पण चुकीच्या उत्तराला गुण कापतात आणि मला प्रश्न कोरा सोडवत नाही! येत नसलं तरी ठोकून द्यायचं, हा माझा जन्माचा स्वभाव. कापसाच्या दलालाची मुलगी आणि सौदा सोडता येत नाही — अप्पांना बोलता येत असतं तर नक्की टोमणा मारला असता.

अप्पा हत्त्याने सौदे करायचे. म्हणजे निंबोल्याहून कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा हात हातात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा, तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा आणि रुमालाखाली बोटांनी भाव. मी लहान असताना मावा जलेबी आणायची की नाही, हेसुद्धा आम्ही रुमालाखालीच ठरवायचो. नको असेल तर ते माझी बोटं हळूच मिटवून मूठ करायचे. सौदा नाही. मी चिडून रडायचे, आणि मग जलेबी यायचीच.

या वेळी मी रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर त्यांच्या खाटेजवळ बसून अभ्यास केला. त्यांचा उजवा हात गार पडतो, म्हणून शालीखाली तो माझ्या हातात धरून ठेवायचे आणि प्रश्न मोठ्याने वाचायचे. "अप्पा, हा ठोकू का?" असंही विचारायचे. हातात जीवच नव्हता, तो काय सांगणार. मीच उत्तर द्यायचे आणि मीच चुकायचे.

परीक्षा इंदूरला, सकाळची. उजव्या हातात माऊस, डावा मांडीवर, त्यावर ओढणी. एसीने नुसता गारठा होता. सुरुवात बरी झाली. मग मार्जिनवरचा एक प्रश्न आला, तो काही केल्या आठवेना. मी सवयीने ठोकायला गेले — आणि ओढणीखाली कुणीतरी माझी बोटं मिटवली.

एकेक करून. करंगळीपासून. अंगठ्याच्या मुळाशी अप्पांच्या हाताला एक जाड गाठ आहे, ती मला लागली. घाबरायला हवं होतं ना? खरं सांगते, मला रडू आलं. मी प्रश्न सोडला आणि पुढे गेले. येत असलेल्या प्रश्नांना हात गप्प. ठोकायला गेले की परत मूठ.

तेवढ्यात पर्यवेक्षक बाई आल्या. "मैडम, दुपट्टे के नीचे क्या है? दोनों हाथ टेबल पर रखिए." मी हात वर काढला. रिकामा. मग तो टेबलावरच ठेवावा लागला, आणि उघड्यावर काही तो स्पर्श परत आला नाही. पुढे एक प्रश्न अडला. मी बराच वेळ बघत बसले... आणि माझी मीच मूठ मिटली.

निकाल तिथेच स्क्रीनवर आला. पास! बाहेर येऊन आईला फोन लावला, तर मला बोलूच देईना.

"अगं, आज काय झालं ऐक ना! नळ आला होता, मी पाणी भरत होते. पाहते तं यांच्या अंगावरची शाल हलून राहिली. मले वाटलं उंदीर शिरला. शाल उचलली तं उजवा हात, बाई! बोटं मिटत होती, उघडत होती. मी इचारलंबी, कोनाशी सौदा करून राहिले हो?"

"मग?"

"मग काय, माह्याकडे पाहिलं अन् डोळ्यातून पाणी आलं. आता थांबला हात. पन तू रडते काहून? पेपर बिघडला का?"

डॉक्टर म्हणाले, स्नायू असे आपोआप हलू शकतात. हलत असतील. त्यानंतर तो हात पुन्हा कधी हलला नाही. मी अजून संध्याकाळी तो शालीखाली धरून बसते, वाट बघते. इंदूरच्या त्या खोलीत माझ्या हाताशी काय होतं? हा प्रश्न मी कोराच सोडलाय.

परवा देडतलाईहून आत्या आली. खाटेशी उभी राहून नेहमीसारखं आईला विचारायला लागली, "काहो वहिनी, दादाले आता काही समजते का?"

आई चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "मले काय इचारता? समोरच आहे, त्यायलेच इचारा."

आत्या गोंधळली. मग खाटेच्या कडेला बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कितीतरी दिवसांनी तिने अप्पांना हाक मारली. "दादा..."