आईला दाखवायचं तिकडचं खाणं

इंग्लंड कायमचं सोडून गावी, परभणीकडच्या बोरीला परतायचं ठरवलं, तेव्हा बॅगेत काय भरायचं ते आईनंच फोनवर सांगितलं. लकव्यानं तिची जीभ जड झाली होती. "कपडेलत्ते नकू आणू. तू तिकडं काय खातीस ते आण. मला बगायचंय."

नऊ वर्षं मी तिच्याशी खोटं बोलत आले होते. तिकडच्या एका वृद्धाश्रमात मी म्हाताऱ्यांची देखभाल करायचे. आईनं जेवणाचं विचारलं की भाकरी-पिठलं केलं म्हणून सांगायचे. खरं तर बारा तासांच्या ड्यूटीनंतर पीठ मळायचं त्राणच नसायचं. टोमॅटोच्या गोड रसातला डबाबंद घेवडा गरम करायचा, टोस्टवर ओतायचा आणि ओट्याशी उभ्यानंच खायचा. एकदा व्हिडिओ कॉलवर मागचे रिकामे डबे तिला दिसले. तेव्हा तिनं विषय बदलला होता.

घेवड्याचे चार डबे, संत्र्याच्या सालीचा कडसर मुरंबा, ओटची बिस्किटं आणि कस्टर्डची पावडर घेतली. चीज हातात घेऊन परत ठेवलं. तो वास तिला सोसला नसता. बॅगेचं वजन वाढलं म्हणून थंडीचे बूट मैत्रिणीला देऊन टाकले.

भाऊ संभाजीनगरला विमानतळावर घ्यायला आला होता. वाटेत देवगाव फाट्यावर चहाला थांबलो, तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "ताई, आईला आता गिळता येईना गेलंय. चार दिस झाले, पानी बी ठसकायलंय. तू निघायच्या गडबडीत व्हतीस, म्हणून बोललो न्हाई."

घरी पोचताच आईनं बॅग उघडायला लावली. एकेक वस्तू मी तिच्या चालत्या हातात दिली. घेवड्याचा डबा फोडून थोडा रस बोटानं तिच्या जिभेला लावला.

"हेच खायचीस?"

"हो."

"रोज?"

"बऱ्याचदा."

तिनं डबा जवळ ओढला. "सांगायचं व्हतं की गं माय. मी काय रागं भरले असते?"

संध्याकाळी म्हशीच्या दुधात दाट कस्टर्ड केलं. तिला उशांना टेकवून बसवलं, हनुवटी जरा खाली घेतली, अर्धा चमचा जिभेच्या चांगल्या बाजूला ठेवला आणि घोट उतरेपर्यंत थांबले. चार चमचे गेले. भावजय दारात उभी राहून डोळे पुसत होती.

"कुठं शिकलीस हे?" आईनं विचारलं.

"तिकडंच. तिथल्या म्हाताऱ्यांना भरवायचे ना मी."

"आन् त्यांची लेकरं कुठं व्हती?"

"कामावर," मी म्हणाले. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

कस्टर्ड तिला अठरा दिवस गेलं. एकोणिसाव्या दिवशी दुपारी चमचा ओठांशी नेला, तर तिनं तोंड मिटून घेतलं. भाऊ शेतातून येईस्तोवर ती गेली होती.

तेरावं झाल्यावर भावानं विचारलं, "आता आई न्हाई, परत जायलीस का?"

मी नाही म्हणाले. आता परभणीत एका दवाखान्यात काम करते. लकवा झालेल्यांच्या घरच्यांना चमचा कसा धरायचा ते दाखवते. कस्टर्डचं सांगत नाही, त्यांच्या घरात होणारी तांदळाची दाट पेज सांगते.